गश्ती निशान ५३ ते ‘इमरोज’ : बोललं कोणी, भोगलं कोणी

निजामाच्या राज्यात ‘गश्ती’ म्हणजे सरकारी परिपत्रक आणि ‘निशान’ म्हणजे क्रमांक. अशा शेकडो गश्त्या निघाल्या आणि विसरल्या गेल्या. पण १९२९ सालच्या गश्ती निशान ५३ चं नाव मराठवाडा, तेलंगण आणि कानडी मुलखातल्या एका संपूर्ण पिढीच्या तोंडी राहिलं. सभा घ्यायची असेल तर आधी सरकारची परवानगी काढा, असा तिचा मतलब. आणि तो हुकूम शांततेच्या नावाने काढलेला होता. राज्यात नाना धर्मांची माणसं राहतात, कोणी काहीबाही बोलेल आणि दंगा होईल, म्हणून सरकार आधी बघणार, असं तिचं समर्थन.

त्याच राज्यात, त्याच राजधानीत, एकोणीस वर्षांनी म्हणजे ऑगस्ट १९४८ मध्ये भर सभेत ‘गद्दारांचे हात छाटण्याची’ भाषा झाली. त्याच आठवड्यात एका तरुण संपादकाचा हात खरोखर छाटला गेला आणि त्याचा जीव गेला.

जिथे साध्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला अंमलदाराच्या दारात उभं राहावं लागत होतं, तिथे हे बोलणं कसं चाललं? आणि त्या बोलण्याची किंमत शेवटी कोणी मोजली? या दोन प्रश्नांपुरताच हा लेख आहे.

आजकाल या विषयावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणतं, द्वेषाचं बोलणं सरकारने बंद करावं, म्हणजे प्रश्न मिटला. दुसरं म्हणतं, बोलू द्या हो, शब्दाने कोणी मरत नाही. आपल्या हैदराबादच्या इतिहासापुढे ही दोन्ही मतं टिकत नाहीत. का ते क्रमाने पाहू.

परवानगीचं राज्य

१९४१ च्या शिरगणतीनुसार हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. तेलुगू, मराठी, कानडी बोलणारे लोक बहुसंख्य. राज्यकारभाराची, कोर्टाची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हिंदू साधारण पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, तर वरच्या सरकारी जागा मुख्यतः मुसलमान उमरावांकडे आणि अधिकाऱ्यांकडे. अशा राज्यात ‘आम्हाला जबाबदार राज्यपद्धती द्या’ एवढं म्हणणं हेसुद्धा सरकारला जातीय चिथावणी वाटत असे. मागणी करणारा बहुसंख्याकांतला, राजा अल्पसंख्याकांतला. तेव्हा मागणी म्हणजे एका धर्माचा दुसऱ्यावर हल्ला, असं सोयीचं गणित मांडलं जाई.

गश्ती ५३ चा खरा उपयोग इथे होता. राजकीय सभा तर दूरच, पण सामाजिक आणि धार्मिक कार्यक्रमही तिच्या कचाट्यातून सुटत नसत. खाजगी शाळा आणि आखाडे यांच्यासाठी वेगळे नियम होतेच. बाहेरची वर्तमानपत्रं सरकारच्या मनात आलं की राज्यात यायची बंद होत.

लोकांनी यावर जे उपाय काढले ते मोठे बोलके आहेत. हैदराबाद संस्थानातल्या प्रजेची राजकीय परिषद हैदराबाद संस्थानात भरलीच नाही! पहिली भरली १९२३ साली काकिनाड्याला, दुसरी १९२६ मध्ये मुंबईला, तिसरी १९२८ मध्ये पुण्याला न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि चौथी १९३१ मध्ये अकोल्याला. आपल्या घरातलं दुखणं सांगायला शेजाऱ्याच्या ओसरीवर जायचं, असा हा प्रकार. आज आपण ज्याला सुलतान बाजार म्हणतो त्या रेसिडेन्सी बाजारात १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटचा अंमल होता, म्हणून तिथे थोडं मोकळं बोलता येई. एक रस्ता ओलांडला की माणसाचं तोंड उघडायचं, परत ओलांडला की बंद व्हायचं.

दुसरा उपाय म्हणजे भाषेच्या आणि शिक्षणाच्या कामाचा. विवेकवर्धिनी शाळा १९०७ ची, मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चं. १९३१ साली मराठी साहित्य संमेलन डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत भरलं. ही कामं मनापासूनची होती, पण राजकारण बोलता येत नाही म्हणूनही माणसं तिकडे वळत होती. पुढे महाराष्ट्र परिषद निघाली. तिचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला आणि दुसरं १९३८ मध्ये लातूरला झालं. लातूर हे गाव लक्षात ठेवा. या लेखात ते आणखी दोनदा येणार आहे.

१९३८ मध्ये तर कहर झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी १९४६ पर्यंत टिकली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच एक.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या काळात द्वेषाचं बोलणं एकाच बाजूला होतं असं मुळीच नाही. आर्य समाजाचे काही प्रचारक आणि त्यांना उत्तर देणारे तबलीगचे प्रचारक यांच्यात एकमेकांच्या धर्मावर जहरी टीका चाले, आणि त्यातून डोकी फुटत. म्हणजे सरकारला वाटणारी भीती पूर्ण खोटी नव्हती. पण सरकारने केलं काय? शिवी देणारा आणि हक्क मागणारा या दोघांना एकाच तराजूत टाकलं. किंबहुना हक्क मागणाऱ्यालाच जड मानलं. शिवीने दंगा होतो, तो पोलिसांना आवरता येतो. हक्काची मागणी आवरता येत नाही, हे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लातूरचे वकील

मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ च्या सुमारास निघाली. तिला खरं वजन आलं नवाब बहादूर यार जंग यांच्यामुळे. त्यांच्यासारखा उर्दू वक्ता त्या काळात दख्खनमध्ये दुसरा नव्हता, असं त्यांचे विरोधकही म्हणत. त्यांच्या काळात मजलिसने एक सिद्धांत मांडला : दख्खनच्या राज्याची सत्ता ही इथल्या मुसलमान समाजाची सामाईक मालकी आहे आणि निजाम तिचं प्रतीक आहे. ‘अनल मलिक’ या नावाने तो ओळखला जातो. मीच राजा, असा त्या शब्दांचा अर्थ.

या सिद्धांतात शिवी नाही, मारहाणीची भाषा नाही. पण गरीब मुसलमान रिक्षावाल्याला तू राजा आहेस असं सांगताना, शेजारच्या कुणब्याला, कोष्ट्याला, मांगा-महाराला तू रयत आहेस आणि रयतच राहशील असं त्यात आपोआप सांगितलं जात होतं. हे मत कोणी बाळगू नये असं मी म्हणणार नाही. मत होतं, त्यांनी मांडलं. पण त्याला तितक्याच मोठ्या मैदानातून उत्तर द्यायची सोय कुठे होती? उत्तर देणाऱ्याने आधी अर्ज करायचा होता.

सरकारचा हा कायदा तत्त्वाने नव्हे, मर्जीने चालत होता याचा पुरावाही बहादूर यार जंग यांच्याच चरित्रात आहे. निजामाची मर्जी फिरली तेव्हा त्यांच्याही भाषणांवर बंधनं आली आणि त्यांनी आपली जहागीर व किताब सोडून दिले. १९४४ मध्ये ते वारले. त्यांच्या पश्चात दोन वर्षांनी, १९४६ च्या अखेरीला, मजलिसची सूत्रं आली लातूरला वकिली करणाऱ्या सय्यद कासिम रझवी यांच्याकडे.

रझवी अलीगढला शिकलेले. बहादूर यार जंगांचं पांडित्य त्यांच्याकडे नव्हतं, पण आवाज होता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी आधीच्या वक्त्याकडे या प्रमाणात नव्हती : हत्यारबंद स्वयंसेवक. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थच मुळात स्वखुशीने काम करणारा, स्वयंसेवक.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे भारताशी करार करायला दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळातल्या मंडळींच्या घरांना मजलिसच्या जमावाने वेढा घातला आणि त्यांना निघू दिलं नाही. छत्तारीचे नवाब हे पंतप्रधान होते, तरी त्यांना घरात कोंडलं गेलं. गश्ती ५३ लिहिणाऱ्या सरकारच्या डोळ्यांदेखत हे घडलं आणि कोणावर काही कारवाई झाली नाही. उलट छत्तारी गेले, लायक अली आले. बोलणाऱ्याला रस्ता मोकळा असल्याचं त्या दिवशी सगळ्या राज्याने पाहिलं.

त्यानंतर भाषणं चढत गेली. आसफजाही झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर फडकेल, या आशयाची रझवींची वक्तव्यं १९४८ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभर गाजली. दिल्लीत त्याची चिंता झाली, पण खरी झळ दिल्लीला नव्हती. ती बसत होती नांदेड, परभणी, उस्मानाबाद, बिदर, नलगोंड्याच्या खेड्यांना.

बीबीनगरचं उदाहरण घ्या. १० जानेवारी १९४८. रझवी आणि त्यांचे रझाकार नलगोंडा भागातून रेल्वेने हैदराबादकडे परतत होते. बीबीनगर स्टेशनात लोकांनी ‘महात्मा गांधी की जय’ अशा घोषणा दिल्या. खटल्यात पुढे आलेल्या हकिकतीनुसार, त्या घोषणांवरून चिडून रझाकार गावात शिरले. मारहाण झाली, लूट झाली. गांधीजी तेव्हा जिवंत होते. त्यांचा जयजयकार करणं हा गुन्हा आणि गाव लुटणं ही त्याची सजा. कुठलीही गश्ती नाही, कुठला कागद नाही.

मे महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात मोठं हत्याकांड झालं. ऑगस्टमध्ये तेलंगणातल्या भैरानपल्लीत. हजारो कुटुंबं सीमा ओलांडून बार्शी, सोलापूर, उमरखेडकडे गेली.

सात सह्या

या सगळ्या काळात मुसलमान समाजातलं कोणीच काही बोललं नाही, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. ते खरं नाही.

नांदेड जिल्ह्यात महसूल खात्यात फरीद मिर्झा नावाचे अधिकारी होते. रझाकारांचे अत्याचार आणि त्याकडे होणारा सरकारी काणाडोळा पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. विचार करा : निजामाच्या राज्यातली महसुली अधिकाऱ्याची जागा म्हणजे केवढा मान, आणि स्वतः मुसलमान. गप्प बसले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. लायक अलींच्या मंत्रिमंडळातल्या जे. व्ही. जोशी यांनीही परभणी-नांदेड भागातल्या परिस्थितीचं कारण देऊन मंत्रिपद सोडलं. जोशींचं नाव आपल्या घरांतून अधूनमधून निघतं. मिर्झांचं तेवढं निघत नाही. पुढे त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या, हे आपल्यावर उपकारच म्हणायचे.

१३ ऑगस्ट १९४८ ला सात मुसलमान गृहस्थांनी एक पत्रक काढलं. त्यात नवाब मंझूर यार जंग, बाकर अली मिर्झा, मुल्ला अब्दुल बासित आणि हेच फरीद मिर्झा होते. हैदराबादने भारतात सामील व्हावं, रझाकारांना आवर घालावा, असा त्याचा आशय. सात जण. माणसं साधीसुधी नव्हती, प्रतिष्ठित होती. पण त्यांच्यामागे लाठी घेतलेला एक माणूस नव्हता. जे होतं ते नाव, आणि तेच त्यांनी कागदाखाली लिहिलं.

हे पत्रक छापलं ‘इमरोज’ने. इमरोज म्हणजे आज. हे उर्दू दैनिक नोव्हेंबर १९४७ मध्ये सुरू झालं होतं आणि त्याचे संपादक होते शोएबुल्ला खान. जन्म १७ ऑक्टोबर १९२०, तेलंगणात. उस्मानियाचे पदवीधर. त्याआधी ते मंदुमुल नरसिंग राव यांच्या ‘रय्यत’मध्ये काम करत. ते पत्र सरकारने बंद पाडलं, तेव्हा यांनी स्वतःचं काढलं. सरकारचा बडगा ‘रय्यत’वर कसा झटकन चालला आणि मजलिसच्या सभांवर कसा चालला नाही, हे एकत्र ठेवून पाहिलं की वेगळा पुरावा लागत नाही.

शोएबुल्ला खानांची भूमिका साधी होती. राज्यातली बहुसंख्य प्रजा भारतात जाऊ इच्छिते. तिला बंदुकीने अडवाल तर शेवटी नुकसान मुसलमानांचंच होईल. हे ते उर्दूत लिहीत होते. म्हणजे हिंदूंना खूष करायला नव्हे, आपल्याच माणसांना सावध करायला लिहीत होते.

लिंगमपल्लीचा चौरस्ता

सात जणांचं पत्रक आल्यावर मजलिसच्या गोटात संताप उसळला. जमरूद महल थिएटरात झालेल्या सभेत रझवींनी अशा गद्दारांचे हात छाटले पाहिजेत या अर्थाचं भाषण केल्याचं त्या काळातल्या अनेकांच्या आठवणींत नोंदलेलं आहे. शोएबुल्ला खानांना धमकीची पत्रं येतच होती.

२१ ऑगस्टला रात्री उशिरापर्यंत काम करून ते मेहुणे इस्माईल खान यांच्याबरोबर घराकडे निघाले. काचीगुडा-लिंगमपल्ली चौरस्त्याच्या परिसरात त्यांना गाठलं. गोळ्या घातल्या, हात तोडला. इस्माईल खानांवरही वार झाले, त्यांचाही हात गेला, ते वाचले. शोएबुल्ला खान २२ ऑगस्टच्या पहाटे गेले. वय सत्तावीस. हैदराबादच्या मराठी वस्तीतून त्या चौरस्त्यापर्यंत पायी जायला फार वेळ लागत नाही. आपल्यातले कित्येक जण तिथून रोज ये-जा करतात.

शब्दाने कोणी मरत नाही, असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. पण दुसऱ्या बाजूनेही थांबावं. रझवींचं भाषण नुसतं द्वेषाचं होतं म्हणून हात तुटला नाही. ज्याच्या मागे हत्यारबंद फौज आहे, ज्याला पोलीस अडवत नाहीत आणि ज्याला उत्तर देणारी छापखान्याची यंत्रं एकेक करून बंद पाडली आहेत, अशा माणसाचं ते भाषण होतं. तेव्हा ते मत उरलेलं नव्हतं. तो हुकूम होता. चहाच्या दुकानात बसून ‘अमक्यांना हाकललं पाहिजे’ म्हणणारा आणि रझवी यांच्यात फरक शब्दांचा कमी, शब्दांमागच्या ताकदीचा जास्त.

लातूरची मोजदाद

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ ला हैदराबादने शरणागती दिली. आपण त्या दिवशी झेंडा लावतो तो आनंद खरा आहे. ज्यांची घरं जळली, ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली, त्यांच्यासाठी तो सुटकेचा दिवस होता आणि त्याबद्दल कोणाला सफाई द्यायची गरज नाही.

पण कथा १७ तारखेला संपत नाही. त्यानंतर काही आठवडे मराठवाड्यात आणि कानडी भागात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची सदिच्छा समिती पाठवली. काझी साहेबांनी हैदराबादेत ‘पयाम’ हे उर्दू दैनिक चालवलं होतं, त्यांना हा मुलूख माहीत होता. समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरली. तिचा अहवाल पुष्कळ वर्षं सरकारी कपाटात राहिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर संपूर्ण राज्यात किमान २७ हजार ते ४० हजार लोकांचे प्राण गेले, असा समितीचा अंदाज आहे. सगळ्यांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. काही ठिकाणी गणवेशातली माणसंही यात सामील असल्याचं समितीने नोंदवलं.

आणि लातूर. अहवालात त्याची ओळखच कासिम रझवींचं गाव अशी आहे. सुमारे दहा हजार मुसलमानांच्या वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. मेलेल्यांत व्यापारी होते, विणकर होते, शिंपी होते. त्यांतल्या किती जणांनी रझवींचं भाषण ऐकलं असेल, किती जणांना ते पटलं असेल, किती जणांनी मनातल्या मनात शोएबुल्ला खानांना दाद दिली असेल, हे मारणाऱ्याने विचारलं नाही. नाव विचारलं, पुरे झालं.

स्वतः रझवींचं काय झालं? अटक झाली, खटले चालले. ज्या गुन्ह्यातली त्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाली तो बीबीनगरच्या दरोड्याचा. सात वर्षं सक्तमजुरी. १९५३ चा बहुमताचा निकाल. १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानला गेले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. दरोड्याची सजा त्यांनी भोगली. भाषणांची सजा लातूरच्या विणकराने भोगली.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तीही तितक्याच आवाजात सांगितली पाहिजे. कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना घरात लपवलं, त्यांच्यासाठी स्वतः मार खाल्ला, काहींचे तर जीव गेले. विशेषतः एकाच धंद्यातल्या माणसांत ही माया दिसली. हिंदू कोष्टी मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले. माग शेजारी शेजारी असला की माणूस नावापलीकडचा दिसतो, असंच म्हणावं लागेल.

दोन शब्द

मी पेशाने इंजिनिअर. माझी उभी नोकरी यंत्रं का बिघडली हे शोधण्यात गेली. तिथला पहिला नियम असा की शेवटी जो भाग तुटला त्याच्यावर सगळा दोष टाकायचा नाही. आधी क्रम लावायचा. या घटनांचा क्रम लावला तर मला असं दिसतं.

आधी सरकारने सगळ्यांच्या बोलण्यावर कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. शांतता हे कारण होतं, पण किल्ली मर्जीने फिरत होती. त्यामुळे सौम्य माणूस गप्प झाला किंवा अकोल्याला जाऊन बोलू लागला, आणि ज्याच्यावर मर्जी होती तो मैदानात एकटा उरला. एकट्याने बोलण्याची सवय झालेल्याला आपलंच म्हणणं सगळ्यांचं म्हणणं आहे असं वाटू लागतं. मग त्याच्या हातात हत्यारं आली. आणि सगळ्यांत शेवटी, आतून विरोध करणारे जे थोडे होते त्यांना एक शब्द चिकटवला गेला : गद्दार.

पुढे सप्टेंबरनंतर दुसरा शब्द कामाला लागला : रझाकार. मूळ अर्थ स्वयंसेवक. आज मराठवाड्याच्या बोलीत तो दांडगाईसाठी, जुलमासाठी शिवी म्हणून वापरला जातो; खऱ्या रझाकारांनी जे केलं त्यावरून ती शिवी त्यांनी कमावलेलीच आहे. पण १९४८ च्या हिवाळ्यात तो शब्द टोपी-लुंगीवाल्या कोणालाही लावता येत होता. गद्दार म्हटलं की शोएबुल्ला खान आणि शत्रू यांतला फरक पुसला जायचा. रझाकार म्हटलं की कासिम रझवी आणि लातूरचा शिंपी यांतला फरक पुसला जायचा. दोन्ही शब्दांचं काम एकच.

द्वेषाचं बोलणाऱ्याला समाजाने परिणाम भोगायला लावावेत की नाही, असा प्रश्न नेहमी निघतो. माझं उत्तर होय असं आहे, पण ‘परिणाम’ कशाला म्हणायचं ते नीट ठरवून. ज्याने ते म्हटलं त्यालाच, त्याच्या ओळखीच्या माणसांनी, वेळेवर दिलेला नकार हा परिणाम. वकिलाकडे पक्षकार न जाणं, सभेला खुर्ची रिकामी ठेवणं, नोकरीचा राजीनामा देणं, आपल्या नावाने सही करून ‘हे आमचं म्हणणं नाही’ असं छापणं, हे सगळं त्यात येतं. फरीद मिर्झांनी आणि त्या सात जणांनी नेमकं हेच केलं. त्यात कायद्याची बंदी नाही, कोणाच्या अंगाला हात नाही. त्यांचं दुर्दैव एवढंच की ते सात होते आणि ऑगस्ट १९४८ उजाडला होता. हेच सातशे जणांनी ऑक्टोबर १९४७ च्या त्या वेढ्यानंतर केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मनातून जात नाही.

आणि बोलणाऱ्याऐवजी त्याच्या नावागावाच्या, धर्माच्या माणसांना गाठणं, याला परिणाम म्हणत नाहीत. ते त्याच द्वेषाचं पुढचं भाषण असतं, फक्त वक्ता बदललेला असतो.

मंडळाच्या वाचकांना शेवटी एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ घरं लातूर, उदगीर, नांदेड, कंधार, बिदरकडची आहेत. त्या घरांतून ट्रंकांमध्ये जुने कागद पडलेले असतात. गणेशोत्सवाच्या किंवा वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी तालुकदाराकडे केलेले परवानगीचे अर्ज, त्यावरचे उर्दू शेरे, ‘इमरोज’ किंवा ‘रय्यत’चे सुटे अंक, कॅम्पातली पत्रं, यांतलं काही सापडलं तर फेकू नका, मंडळाकडे नक्कल द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी रझाकारांपासून कसा जीव वाचवला हे सांगितलं असेल तर ते लिहून काढा. आणि कोणाच्या आजीने सप्टेंबरात शेजारच्या मोमीन कुटुंबाला माजघरात लपवलं असेल, तर तेही त्याच वहीत लिहा, पुढच्याच पानावर.